मागचा डावा पाय

आमच्या आणि शेजारच्या अंगणामधल्या बुटक्या भिंतीवर वाडगा टेकल्याचा आवाज झाला की समजायचं, फांगबाई आल्या. बेल वाजवणं त्यांना मंजूर नाही. वाडगा ठेवायचा, भिंतीवर दोन टिचक्या मारायच्या आणि मी बाहेर येईपर्यंत आपल्या वाफ्यातल्या लसणाशी गप्पा मारत उभं राहायचं. त्या चिनी बोलतात, मी मराठी. आमचं आजवर भांडण झालं नाही ते बहुधा त्यामुळेच.

मी राजाभाऊ, मिरजेचा. जन्मभर शाळेत चित्रकला शिकवली आणि दरवर्षी घरच्या पडवीत शाडूचे गणपती केले. चाळीस मूर्ती, ठरलेल्या चाळीस घरांच्या. एकेचाळिसावी मागायला आमदार आला तरी मी नाही म्हणायचो. गेल्या आषाढात मूर्ती अर्ध्यावर असताना माझ्या डाव्या अंगावरून वारं गेलं. पाय लवकर ताळ्यावर आला, बोलणं तर एक दिवसही बंद पडलं नाही, असं सूनबाई सांगते आणि हसते. डावा हात मात्र रुसला. बायको आधीच गेलेली, घरात मी एकटा. मुलगा निनाद आला आणि मला उचलून इथे घेऊन आला.

इथे म्हणजे रुवैसला. अबू धाबीपासून अडीच तास वाळू बघत आलं की हे रिफायनरीचं गाव लागतं. निनाद रिफायनरीत आहे, सून आभा शाळेत गणित शिकवते, नात ईशानी सहावीत आहे आणि आजोबांशी इंग्रजीत बोलते. घर कंपनीचं, स्वच्छ, थंडगार. कशालाही नाव ठेवायला जागा नाही, आणि हेच मला सोसत नव्हतं. मला माझी पडवी हवी होती.

निनादने अट घातली होती. "हात पहिल्यासारखा झाला की लगेच तिकीट. त्याआधी नाही. एकटे तिथे पडलात तर बघणार कोण?"

अट रास्त होती, म्हणून तर जास्त राग यायचा. क्लिनिकमध्ये फिझा नावाची एक गोड मुलगी माझ्याकडून रबरी चेंडू दाबून घ्यायची आणि प्रत्येक वेळी म्हणायची, "हो जाएगा अंकल, इन्शाल्ला." मी घरी येऊन चेंडू सोफ्याखाली टाकून द्यायचो. डाव्या हाताची मूठ वळायची, पण बोटं सुटी सुटी चालायची नाहीत. उजव्या हाताने जेवण होतं, सही होते, दाढी होते, त्यामुळे बघणाऱ्याला काही कळायचं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची.

तर, जानेवारी संपता संपता एके सकाळी भिंतीवर वाडगा वाजला. आत आठ धान्यांची गरम खीर होती. तांदूळ, लाल चवळीसारखं काहीतरी, खजूर, शेंगदाणे. त्यांच्या वर्षाच्या शेवटच्या महिन्यातल्या अष्टमीला ती करतात आणि शेजारी वाटतात. मी दोन घास खाल्ले तेवढ्यात फांगबाईंनी फोन पुढे धरला. त्या चिनीत बोलल्या की फोनमधली बाई हिंदीत सांगते, अगदी बातम्या दिल्यासारखी.

फोनमधली बाई म्हणाली, "वसंत ऋतु का बैल चाहिए. मिट्टी का. आप मूर्ति बनाते हैं, मैंने फोटो देखा है."

मग हळूहळू सगळं निघालं. नवीन वर्षाच्या आसपास त्यांचा वसंत सुरू होण्याचा एक दिवस येतो, लिचुन. त्या दिवशी गावात मातीचा बैल करतात. तो झाल्याशिवाय नांगर बाहेर काढत नाहीत. फांगबाईंच्या गावी हा बैल त्यांचे यजमान करायचे. यजमान वारले. तरुण पोरं शहरात गेली, त्यातलाच त्यांचा मुलगा वेई इथे निनादबरोबर कामाला आहे. गावात आता म्हातारी माणसं आणि कुत्री. यंदा तिथे बैल कोणी करणार नव्हतं.

असं सांगून त्यांनी चहाचा एक पत्र्याचा डबा भिंतीवर ठेवला. झाकण उघडलं तर आत माती. पिवळसर, पिठासारखी मऊ.

"मेरे खेत की है," फोनमधली बाई म्हणाली. "बैल में मिला दीजिए."

मी मूठभर ती माती हुंगली. आमच्याकडच्या काळ्या मातीपेक्षा वास वेगळा, पण कुठल्यातरी जुन्या ओळखीचा होता. मी म्हणालो, करतो. आणखी काही विचारलं नाही. बैल म्हटल्यावर विचारायचं काय? आमच्याकडे आषाढात बेंदूर असतो. लहानपणी आई कुंभाराकडून मातीचे बैल आणायची, पाटावर मांडायची, शिंगांना हळदकुंकू लावायची, पुरणपोळीचा घास त्यांच्या तोंडाशी धरायची. खऱ्या बैलांच्या खांद्याला त्या दिवशी जू लागत नाही. चीन झालं तरी शेतकरी शेतकरीच, तिथेही असंच असणार. उंटांच्या देशात बसून मी हा शहाणपणा केला.

दुबईहून मराठी मंडळाने मागच्या गणपतीत मुलांच्या शिबिरासाठी आणलेल्या शाडूची दोन पोती आभाच्या स्टोअररूममध्ये उरली होती. मी अंगणात गोणपाट अंथरलं आणि कामाला बसलो. खरं सांगतो, मला आनंदाने रडू येत होतं. त्याच वेळी डोक्यात एक चोर विचारही होता. हा बैल नीट उतरला तर निनादला वेगळा पुरावा द्यावा लागणार नाही. सरळ मिरज.

इथली हवा एसीने आणि वाऱ्याने इतकी कोरडी की ओली माती उभी तडकते. म्हणून मी शाडूत कापूस पिंजून घातला, नेहमीपेक्षा बराच जास्त. फांगबाईंची माती घातली. कालवून कालवून उजवा हात दुखला, पण गोळा लोण्यासारखा झाला. फांगबाई भिंतीपलीकडून रोज बघायच्या. त्यांना बैल ठेंगणा, पिवळा, आखूड शिंगांचा हवा होता. मी केला खिल्लार. हातभर लांब, पांढराशुभ्र, शिंगं पार मागे गेलेली. त्यांनी शिंगांकडे बोट दाखवून मान हलवली. मी पण मान हलवली. शिंगं राहिली.

बैलापुढे एक गुराखी लागतो. वसंत नव्या वर्षाच्या आधी आला तर पोरगा बैलाच्या पुढे उभा, नंतर आला तर मागे. यंदा आधी होता, म्हणून पुढे. तो ईशानीने केला आणि त्याच्या पायात बूट घातले, नाडीसकट. फांगबाई धावतच भिंतीशी आल्या. गुराखी बूट घालून आला की वर्ष कोरडं जातं म्हणे. अनवाणी आला तर पाऊस.

"आजोबा, इट्स अ डेझर्ट! इट्स ड्राय एनीवे," ईशानी वैतागली.

"काढ बूट," मी म्हणालो. "इथे पाऊस पडला तर तुझ्या शाळेला सुट्टी मिळते ना?"

बूट ताबडतोब निघाले.

बैल पोकळ करायचा होता, पोटात पाच धान्यं भरायची होती. आणि तिथेच माझी अडचण झाली. पोकळ जनावराला पाय लावायचा तर एक हात पोटाच्या आत लागतो. आतून बोटांनी मातीला आधार द्यायचा, बाहेरून दुसऱ्या हाताने सांधा दाबायचा. आतला हात माझा नेहमी डावा. पुढचे दोन पाय मी बैलाला टेबलाच्या कडेवर रेलून, कसेबसे एका हाताने बसवले. मागचा उजवाही जमला. मागच्या डाव्या पायाला मात्र काही केल्या आतून आधार मिळेना. मी डावा हात पोटात घातला. मूठ आत जाऊन बसली, बोटं उघडेनात. बराच वेळ मी तसाच, बैलाच्या पोटात हात घालून बसून राहिलो. आसपास कोणी नव्हतं हे बरं झालं.

शेवटी पाय नुसता पातळ मातीने चिकटवला, बाहेरून सांधा गुळगुळीत केला आणि वरून लाल झूल रंगवली. झुलीला पिवळी नक्षी, आरसे, गोंडे. सगळं लक्ष झुलीकडे जाईल अशी झूल. फांगबाईंनी पाठीवरच्या भोकातून धान्य ओतलं, मी भोक बुजवलं.

रंग वाळल्यावर निनाद ड्यूटीवरून आला. बैलासमोर उकिडवा बसला. लहानपणी नव्या गणपतीसमोर बसायचा तसाच. एकदा बैलाकडे, एकदा माझ्याकडे बघत राहिला.

"बाबा, खलास! हात पहिल्यासारखा झाला की तुमचा," तो म्हणाला.  "मेचं तिकीट बघतो. यंदाचे गणपती मिरजेत."

मी म्हणायला हवं होतं, थांब, तो मागचा पाय बघ. मी म्हणालो, "खिडकीची सीट बघ."

लिचुनच्या आदल्या दिवशी संध्याकाळी फांगबाई कधी नव्हे त्या फाटकातून आल्या. बरोबर वेई होता. फांगबाईंच्या हातात बागेतून आणलेली कडुनिंबाची लांब फांदी होती, तिला रंगीबेरंगी फिती बांधलेल्या. मला वाटलं, तोरण आहे. मी बैलाच्या गळ्याकडे बोट दाखवलं. वेई हसला आणि त्याने फोनवर एक व्हिडिओ लावला. कुठल्यातरी चिनी गावातलं मैदान, ढोल, गर्दी आणि मध्ये एक मोठा मातीचा बैल. एक म्हातारा पुढे झाला आणि त्याने फांदीने बैलाला फोडायला सुरुवात केली. फाड, फाड, फाड. बैल फुटला, पोटातून धान्य सांडलं आणि माणसं तुकड्यांवर तुटून पडली.

"बीट द ऑक्स," वेई आनंदाने म्हणाला. "वेक अप स्प्रिंग. देन एव्हरीबडी टेक पीस, पुट इन फील्ड. व्हेरी लकी."

माझं डोकंच फिरलं. म्हणालो, "नाही. नो. हा बैल मारायला नाही केलेला."

वेईला वाटलं मला समजलं नाही, त्याने पुन्हा व्हिडिओ लावला. मी त्याचा फोन खाली केला. निनाद मध्ये पडला, इंग्रजीतून त्याने समजूत घातली की आमच्याकडे बैलाची पूजा करतात, त्या दिवशी चाबूकसुद्धा वर टांगून ठेवतात. वेई ओशाळला.  फांगबाईंनी पुढे होऊन बैलाच्या वशिंडावरून हात फिरवला, मला वाकून नमस्कार केला आणि फांदी घेऊन निघून गेल्या.

जेवताना आभा म्हणाली, "बाबा, आपण गणपती पाण्यात सोडतोच की."

"सोडतो. चाबकाने मारत नाही."

"पण त्यांच्यासाठी केला होतात ना?"

"भात वाढ," मी म्हणालो.

मला राग आला होता हे खरं. बैलाला मारताना बघवणार नाही हेही खरं. पण या दोन खऱ्या गोष्टींच्या मागे मी तिसरी लपवत होतो. तो बैल म्हणजे माझा हात होता. मिरजेच्या घराची किल्ली होती. आणि तो फुटताना कोणी झुलीखाली पाहिलं असतं तर?

सकाळी भिंतीवर टिचक्या वाजल्या नाहीत. मीच उठून बाहेर आलो. पलीकडे फांगबाईंनी संत्र्यांचा पुठ्ठ्याचा खोका मांडला होता. त्यावर स्केचपेनाने दोन डोळे आणि दोन आखूड शिंगं काढली होती. समोर ईशानीचा अनवाणी गुराखी. तो तिने आधीच त्यांना देऊन टाकला होता. वेई कामाच्या कपड्यांत अवघडून उभा होता. फांगबाईंनी नवा लाल स्वेटर घातला होता. त्या काहीतरी मंत्रासारखं म्हणाल्या आणि खोक्यावर फांदी मारली. खोका पोकळ वाजला. तिसऱ्या-चौथ्या फटक्याला चेपून आडवा झाला, थोडे तांदूळ सांडले. वेईने हसरा चेहरा करून टाळ्या वाजवल्या.

फांगबाईंनी टाळ्यांकडे लक्ष दिलं नाही. त्या वाकल्या, पुठ्ठ्याचा एक तुकडा उचलला, वाफ्याकडे दोन पावलं गेल्या आणि थांबल्या. पुठ्ठा काही वाफ्यात पुरता येत नाही. त्या तो उलटसुलट बघत राहिल्या, मग हळूच स्वेटरच्या खिशात घातला. आणि रिकामा हात स्वेटरला पुसला.

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. शेतातून त्यांनी आणलेली सगळी माती माझ्या बैलात होती. आणखी डबा नव्हता. मी शोभेला म्हणून कपाटावर ठेवला होता तो त्यांचा शेतमळा होता, त्यांच्या यजमानांची माती होती, आणि मी त्यांची पुठ्ठ्यावर बोळवण केली होती. लाज वाटली मला. इतकी की तिथे उभं राहवेना, आत गेलो.

बैल उजव्या काखेत धरला, डाव्या मुठीचा टेकू दिला आणि चप्पल न घालताच फाटकातून फिरून त्यांच्या अंगणात गेलो. मागून निनाद आला, दप्तर अडकवलेली ईशानी आली. मी बैल गुराख्याच्या मागे ठेवला आणि फांगबाईंना म्हणालो, "मारा."

त्यांना फोनची गरज लागली नाही. त्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग बैलाकडे, आणि पुन्हा माझ्याकडे. डोळे भरले होते, पण वेळ घालवणारी बाई नव्हे ती. स्वेटरच्या बाह्या वर सारल्या आणि पहिला फटका पाठीवर.

माझ्या पाठीवर बसावा तसा मला लागला. पण बैलाला काही झालं नाही.

दुसरा, तिसरा. झुलीचा रंग उडाला, आरसे गेले, बैल ढिम्म. कापूस! नेहमीपेक्षा जास्त कापूस घालून मी जनावर असं चिवट केलं होतं की फांदीच्या फिती तुटून उडाल्या तरी त्याला तडा नाही. फांगबाईंना धाप लागली. वेईने फांदी घेतली, त्यानेही मारून पाहिलं. ईशानीला हसू आवरेना. वेई आत जाऊन हातोडा घेऊन आला, तर फांगबाई त्याच्यावर अशा कडाडल्या की तो हातोडा पाठीमागे लपवून उभा राहिला. हातोड्याने भिंत फोडतात, वसंत नाही, असं काहीतरी असणार.

निनाद मात्र खुशीत होता. वेईच्या खांद्यावर हात टाकून त्याला इंग्रजीत सांगत होता, "माय फादर्स वर्क, हबीबी! यू कान्ट ब्रेक इट. हिज हँड इज परफेक्ट नाऊ."

कोपऱ्यावर शाळेची बस दिसत होती. फांगबाई फांदी टेकवून उभ्या होत्या. त्यांचा चेहरा हळूहळू म्हातारा होत होता. वसंत दाराशी आला होता आणि बैल उठत नव्हता.

मी काही न बोलता उभा राहिलो असतो तर काय झालं असतं? काही नाही. फांगबाई वाकून नमस्कार करून आत गेल्या असत्या. बैल परत कपाटावर आला असता. मेमध्ये मी मिरजेला पोचलो असतो, पडवीत बसून पहिल्याच गणपतीच्या पोटात हात घातला असता, आणि मूठ उघडली नसती.

"मागचा डावा पाय," मी म्हणालो. "झुलीखाली. तिथे मारा."

मी वाकून त्या जागेवर बोट ठेवलं. फांगबाईंना बोट समजलं.

"तिथे का?" निनादने विचारलं.

"तिथे सांधा बसलेला नाही."

"तुमच्या कामात?"

"माझी बोटं आत पोचली नाहीत, निनाद. उघडतच नाहीत ती. वरून झूल रंगवून टाकली."

निनादचा हात वेईच्या खांद्यावरून खाली आला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मी त्याच्याकडे बघू शकलो नाही, बैलाकडेच बघत राहिलो.

फांगबाईंनी फांदी मागे नेली आणि त्या जागेवर एकच फटका मारला. पाय मांडीपासून सुटून बाजूला पडला. बैल कलला, पोटाला भेग गेली आणि भेगेतून आधी चार दाणे, मग भसकन सगळी धारच बाहेर आली. गहू, तांदूळ, मूग अंगणभर पसरले. मग मात्र दोन फटक्यांत बैल पुरता फुटला. ईशानी किंचाळली आणि दप्तरासकट तुकड्यांवर पडली. तिने शिंग पटकावलं. बसचा हॉर्न वाजला, ती शिंग घेऊनच बसमध्ये चढली. गणिताच्या तासाला ते शिंग आभाने जप्त केलं, ते आम्हाला संध्याकाळी कळलं.

फांगबाईंनी एक एक तुकडा वेचला, हाताने चुरला, कापूस वेगळा केला आणि माती लसणाच्या, मुळ्याच्या वाफ्यात भुरभुरवली. मला बेंदूर आठवला, मला विसर्जन आठवलं. नदीत गणपती सोडताना मी कधी रडलो नव्हतो. उलट नवशिक्या पोरांना सांगायचो, मातीचं मातीला गेलं, त्यात काय. तेच आज दुसऱ्याच्या अंगणात मला नव्याने शिकावं लागलं.

सगळं पेरून झाल्यावर फांगबाई माझ्यासमोर आल्या. त्यांनी तो पाय ठेवला होता. मागचा डावा. दोन्ही हातांवर घेऊन त्यांनी तो पुढे केला. चिनी माणसं मानाची वस्तू दोन्ही हातांनी देतात, आणि घ्यायचीही दोन्ही हातांनी असते. मी उजवा हात पुढे केला. त्या तशाच उभ्या राहिल्या. मी हसलो, डाव्या हाताकडे पाहून मान हलवली. त्या हलल्याच नाहीत. शेवटी मी डावी मूठ वर आणली. फांगबाईंनी आपल्या अंगठ्याने माझी बोटं हळूहळू मोकळी केली, जशी कणसाची पानं सोलतात तशी, आणि तळहातावर तो पाय ठेवला. मग काहीतरी बोलल्या. फोन घरात होता. वेईने सांगितलं, "शी सेज, पुट इट इन युअर फील्ड."

निनाद तसाच ड्यूटीवर निघून गेला. मी तो पाय पाण्याच्या टबात टाकला. वाळलेला शाडू पाण्यात बुडबुडे सोडत उतरतो आणि पुन्हा कामाचा होतो. टाकायचं काही नसतं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी अंगणात गोणपाटावर तो चिखल मळत बसलो होतो, तेव्हा निनाद येऊन समोर बसला.

"तुम्हाला आधीपासून माहीत होतं."

"बैल कोणी केला होता?"

"मग सांगितलं का नाही?"

"तिकीट काढलं असतंस का?"

त्याने रिफायनरीकडे पाहिलं. तिथल्या धुराड्यावरच्या ज्योतीचा उजेड तेवढा भिंतीवर हलत होता.

"होल्डवर ठेवलंय अजून," तो म्हणाला. "मेचं. खिडकीची सीट."

"सोडून दे."

दोनच शब्द, पण पडवी, दारातला प्राजक्त, माझी चाळीस घरं, सगळं त्यात गेलं.  मी मातीत पाणी घातलं, नको होतं तरी घातलं. निनादने ते पाहिलं.

मग त्याने शर्टाच्या बाह्या वर केल्या. "आतून बोटं कशी धरायची असतात?"

या मुलाने जन्मात मातीला हात लावला नव्हता. पडवीतून जातानासुद्धा पँट वर धरून जायचा. मी त्याच्याकडे पाहिलं. तो थट्टा करत नव्हता.

"उजवा नको," मी म्हणालो. "तो माझा आहे. डावा दे."

मी स्टोअररूममधलं दुसरं पोतं फोडलं, त्यातला शाडू त्या चिखलात कालवला. एक लहानसं पोट केलं, अगदी वाडग्याएवढं. निनादने डावा हात आत घातला. मी बाहेरून पाय लावला.

"दाब. इतकं नको. माझा अंगठा लागतोय का तुला?"

"लागतोय."

"मग तिथेच थांब. मी ढकलतो, तू मागे हटू नकोस."

मधली माती पातळ झाली आणि तिच्या आरपार मला त्याची बोटं कळायला लागली. आम्ही दोघं असे किती वेळ बसलो होतो कोण जाणे. आभा दारात येऊन काहीतरी विचारून गेली.

सांधा बसल्यावर मी पाय धरून ओढून पाहिला. आला नाही. मुरगाळला. तरी आला नाही. भिंतीपलीकडे फांगबाई वाफ्याला पाणी घालत होत्या.

"झालं," मी निनादला म्हणालो. "पुढच्या वर्षी त्या बाईचं काही खरं नाही."